बगूचाचा आणि तिसरी तार

एका बैठकीत एकाच तारेला हात लावायचा, असा बगूचाचांचा नियम होता. गिटारला तारा सहा, म्हणजे सांगलीहून रहिमतपूरला खेपा सहा. हे गणित मी पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर करून दाखवलं, तेव्हा ते मान डोलावून म्हणाले, "बरोबर हाय की. गणित चांगलं हाय तुमचं." आयुष्यात मी नवऱ्यावर, साहेबांवर आणि रेल्वेवर भरपूर चिडले आहे, पण या माणसावर जितकी चिडले तितकी कुणावरच नाही. चाचा आता नाहीत. राग आहे.

बगूचाचा हे नाव बेंजो पार्टीवाल्यांनी ठेवलेलं. वरातीपुढे गाडीवर कर्णे बांधून जो बेंजो वाजतो, तो दुरुस्त करावा तर याच माणसाने, असं ती मंडळी सांगायची. चाचा, बेंजो कधी मिळेल? "बगू." चाचा, आता नीट वाजेल ना? "बगू." बेंजो नेऊन, वरातीत तीन तास खणखणीत वाजवून आणून दाखवला तरी चाचांचं मत बदलत नसे. 'बरं हाय' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते, विम्याच्या ऑफिसात काम करते आणि चाळिशी ओलांडल्यावर शिकलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवते. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, जुनी गाणी वाजवतो, वर्षातून एकदा नाट्यगृह घेऊन मोठा कार्यक्रम करतो. आठवडाभर मी कुणाच्या तरी पॉलिसीचे हप्ते आणि सह्या बघत असते. ही गिटार गळ्यात असते तेवढा वेळच मी माझी असते. आणि नेमकी तीच गिटार दगा द्यायला लागली. तिसरी तार ओढून सूर वर नेला आणि सोडला, की ती जागेवर यायचीच नाही, सूर उतरलेला राहायचा. मी निमूटपणे पुढे जावं, तर गाण्याच्या भलत्याच ठिकाणी 'टिक्' असा बारीक आवाज करून ती आपली आपण वर चढायची. मी तारा बदलल्या. तारा पिळायच्या नवीन चाव्या मागवून बसवल्या. टिक् कायम. मग एका सरावाला आमच्या ग्रुपचा प्रमुख आणि कीबोर्ड वाजवणारा नितीन सगळ्यांदेखत म्हणाला, "वैशाली, कार्यक्रमापर्यंत ही सुरात राहिली तर ठीक. नाहीतर गिटारचे तुकडे मीच कीबोर्डवर काढतो. आवाज आहे त्यात गिटारचा." कार्यक्रमाआधी सहा रविवार उरले होते.

मिरज हाकेच्या अंतरावर असताना मी रहिमतपूर का गाठलं, असं कुणीही विचारेल. मिरजेत सतारी करणाऱ्या एका भल्या माणसाने गिटार हातात घेतली, उलटी केली, आणि "ह्याच्या अंगात वायरी आहेत, आम्ही ह्यात पडत नाही" म्हणून हात जोडले. त्याच आठवड्यात कोरेगावला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. तिथल्या बेंजोवाल्याला मी माझं दुखणं सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "बगूचाचांकडं जावा. पर ताई, घाईत न्हवं हां!" शेवटचं वाक्य मी मनावर घ्यायला हवं होतं.

पहिल्या रविवारी पॅसेंजरने गेले. पाठीवरची लांबोडकी बॅग बघून एका निवृत्त फौजी आजोबांनी "कुठली रायफल?" असं कौतुकाने विचारलं. स्टेशनवरून वडापच्या जीपने गावात. चाचांचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. भिंतीला दहा-बारा बेंजो टांगलेले, खाली पाटावर चाचा, कानावर पेन्सिलीचा बोटभर तुकडा. मी अॅम्प्लिफायर आहे का विचारलं. ते म्हणाले, "कशाला?" मग त्यांनी गिटारचं डोकं उचललं, त्याच्या कडेला दात टेकवले, डोळे मिटले आणि एकेक तार छेडली. मला वाटलं माणूस चावतोय की काय. मी पर्समधला रुमाल काढून तयार ठेवला. तिसऱ्या तारेला ते थांबले, पुन्हा छेडली, दात काढले आणि म्हणाले, "चाव्या कुनी बदलल्या?"

"मी. त्या सैल होत्या."

"चावी बिचारी. जो त्यो तिचाच कान पिरगाळतोय." त्यांनी बोट ठेवलं ते भलतीकडेच. मानेच्या टोकाला, चाव्यांच्या अलीकडे, एक पांढरी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा जातात. दुकानदार तिला नट म्हणतात. चाचा तिला उंबरा म्हणत. "ह्यो उंबरा हाय. तार हितनं आत-भाईर करत्या. तुमचा उंबरा प्लास्टिकचा, आतनं पोकळ. खाच अरुंद. तार तितं अडकून बसत्या आनि मनाला आलं की सुटत्या. त्येच तुमचं टिक्." तीन महिने मी चाव्यांना शिव्या घालत होते. खरा चोर हा करंगळीएवढा तुकडा निघाला, म्हणून मी इतकी खूश झाले की पुढचं काही ऐकलंच नाही.

चाचांनी लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीची एक टिचकी मारली, जुना नट अलगद सुटला. मग डब्यातून हाड काढलं. म्हशीच्या नळीचं, दोन उन्हाळे पत्र्यावर वाळलेलं, त्यावर पेन्सिलीने काहीबाही खुणा. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे सासूबाईंना मी आजतागायत 'पांढरं प्लास्टिक' सांगत आले आहे. दोन तास घासून त्यांनी ती पट्टी बसवली, सहा खाचा वरवर पाडल्या, आणि सगळ्यात जाड सहाव्या तारेची खाच तेवढी पुरी केली. तीसुद्धा जुन्या जाड तारेच्या तुकड्यानेच, म्हणजे खाच नेमकी तेवढीच होते. पेन्सिलीचं शिसं खाचेत फिरवलं, तार बसवली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मग हात झटकले. "पुढच्या रविवारी या."

"आणि बाकीच्या पाच?"

"त्याच म्हनतोय की. हाड नवं हाय. एक तार हप्ताभर बसू द्या, मग दुसरी. काढल्यालं परत लावता येत न्हाई, ताई."

"अहो, पण माझी तक्रार तिसरीची आहे! निदान ती तरी करा!"

"जी बोंबलत्या तिला शेवटाला. आदी शेजारणी गप कराय पायजेत." माझा चेहरा बघून त्यांनी आतल्या दाराकडे तोंड केलं आणि चहा सांगितला. राग आलेल्या गिऱ्हाइकाला चहाला आत पाठवणं हीही त्यांची पद्धतच होती.

आत चाची असायच्या. नवऱ्याविषयी माझ्याहून जुनी आणि माझ्याहून मोठी तक्रार असलेल्या त्या एकमेव व्यक्ती, त्यामुळे आमचं लगेच जमलं. न्हाणीच्या दाराला दगड टेकवून ठेवलेला होता. त्याच्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "ह्या दाराला कडी बसवायची हाय. थोरलीचं लगीन झालं, ती आटपाडीला नांदाय गेली, तिची पोरं साळंत जाया लागली. कडी कुटं हाय? तर बगू!" मी हसले, पण हसताना लक्षात आलं की माझी गिटार या दाराच्या रांगेत उभी आहे.

तर असे माझे रविवार सुरू झाले. दुसऱ्या रविवारी पाचवी तार. बाकीच्या तारा अजून वरवरच्या खाचांत उंच बसलेल्या, त्यामुळे दाबताना बोटांची सालटी निघत होती, आणि तिसरी सरावात टिक् करतच होती. नितीन आता काही बोलत नसे. तो कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून, माझ्याकडे न बघता, माझे तुकडे बसवत असायचा. मी चाचांना हे सांगितलं. म्हटलं, माझी जागा जाईल हो. ते म्हणाले, "कीबोर्डात तार हाय का?" मी म्हटलं नाही. "मग कसली गिटार," म्हणून ते पुन्हा कानस चालवायला लागले. नितीनला जाऊन हे कोण सांगणार होतं?

तिसरा रविवार माझ्या चुकीने वाया गेला, हे मी कबूल करते. बोटं सोलतात म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्या तारा काढून बारीक तारांचा नवीन जुडगा लावला होता. चाचांनी दात टेकवले, सहावी छेडली आणि गिटार माझ्या मांडीवर परत ठेवली. "ही न्हवं ती तार." मी म्हटलं, बारीक आहे, चांगलंच आहे की, खाचेत सैल चालेल. "माप एकीचं घ्यायचं आनि लगीन दुसरीशी लावायचं व्हय?" जुन्या मापाच्या तारा लावून आठवडाभर बसू द्या, मग या, असा निकाल मिळाला. चार तास प्रवास करून, एकही हात न मारता, मी चहा पिऊन परत आले. गाडीत मी ठरवलं होतं की पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही. चौथ्या रविवारी साडेदहाला मी त्यांच्या दारात होते.

त्यांची एक खोड मला सगळ्यात जास्त खुपायची. घासताना हाडाची जी पांढरी भुकटी पडे, ती ते बारक्या ब्रशने वर्तमानपत्राच्या कपट्यावर गोळा करत. कणही सांडू देत नसत. त्यात पाच-दहा मिनिटं जात. मग पुडी बांधून डब्यात. मला परतीची गाडी गाठायची असायची आणि हे भुकटी वेचत बसलेले. एकदा मी विचारलं, "चाचा, याचं काय दंतमंजन करता का?" ते हसले नाहीत. "तुमच्या उंबऱ्याची हाय. टाकू कशी?" म्हणाले आणि पुन्हा ब्रश फिरवायला लागले. मी घड्याळ बघितलं आणि ओठ चावला.

चौथी झाली, दुसरी झाली. सहाव्या, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या रविवारी पहिली झाली. पाच तारा पुऱ्या. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तिसरी तशीच. मी आधी विनवण्या केल्या. चाचा, शनिवारी कार्यक्रम आहे. आज एक जास्तीची करा. अर्धा तास. मी इथे बसते, हलत नाही. चाचा डोळे पुसत होते, ते पुसत पुसतच म्हणाले, "आज एक झाली. पुढच्या रविवारी बगू."

'बगू' ऐकलं आणि माझा तोल गेला. सहा आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "पुढच्या रविवारी मी ग्रुपमध्ये नसेन! तुम्हाला करायचं नाही असं नाहीये, तुम्हाला जमतच नाही. दिसत नाही तुम्हाला, म्हणून हाडाच्या आणि शेजारणींच्या गोष्टी सांगता. सरळ सांगा ना मग!" आतून चाचींच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. चाचांनी भुकटी गोळा केली, पुडी बांधली. मग गिटार पुसून माझ्या बॅगेत ठेवली, चेन लावताना हाताने चाचपून लावली. "जपून जावा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी चहा न घेता निघाले.

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते. मंगळवारी मी बारीक कानशींचा संच मागवला, बुधवारी आला, गुरुवारी मोबाइल समोर ठेवून, तीन व्हिडिओ बघून, मी तिसरी खाच स्वतः घासली. आठ-दहा हात मारले. टिक् गेलं! मी खुर्चीवरून उठून नाचायची बाकी होते. मग तार मोकळी छेडली. झर्रर्र. खाच इतकी खोल गेली होती की तार मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर घासत होती. काढलेलं परत लावता येत नाही, हे वाक्य मी त्या संध्याकाळी किती वेळा आठवलं असेल!

शनिवारी मी अख्खा कार्यक्रम तिसरी तार मोकळी न छेडता वाजवला. जिथे ती लागे तिथे बोट दुसरीकडे नेऊन तोच सूर काढला. घाम फुटला, पण निभावलं. आणि बाकीच्या पाच तारा? अडीच तास, दिव्यांच्या उकाड्यात, त्या जागच्या हलल्या नाहीत. मी त्या ओढल्या, दामटल्या, दोन गाण्यांच्या मध्ये सवयीने चाव्यांकडे हात नेला आणि रिकामाच परत आणला. पडदा पडल्यावर नितीन आला, म्हणाला, "मस्त सुरात होती आज. मी सांगत होतो ना, चाव्या नवीन घे म्हणून. पुढच्या कार्यक्रमाला तुझे तुकडे वाढवू." माझी जागा राहिली. श्रेय चाव्यांना गेलं. त्याच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

रहिमतपूरला जायला मला पुढे तीन आठवडे धीर झाला नाही. गेले तेव्हा भिंतीवर एकही बेंजो नव्हता. चाची गाठोडी बांधत होत्या. चाचा थोरलीकडे, आटपाडीला गेले होते, डोळ्यांच्या उपचाराला. आता दोघांनी तिथेच राहायचं ठरलं होतं. मी न विचारताच चाची बोलल्या. "एक डोळा कवाच गेल्ता. दुसऱ्यानं एक तार व्हायची, मग नुसतं पानी. तरी लोकास्नी सांगायचं, हाड बसू द्या म्हून. म्या म्हनायची, सांगून टाका की. तर म्हने, मग कोन गिटार दील हातात?" मी जे रागाच्या भरात फेकलं होतं ते खरं होतं, म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

चाचींनी फळीवरून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. वर पेन्सिलीने, वाकड्या अक्षरांत, 'विश्रामबागच्या बाई' असं लिहिलेलं. आत पाचही तारांची भुकटी. "तुमी त्या दिशी गेलासा, तवाच म्हनले, बाई रागात हाय. घरी जाऊन कानस चालवनार. खाच खोल जानार. तवा ही लागंल." खाचेत ही भुकटी दाबून भरायची, वरून पाण्यासारखा पातळ गोंद असतो त्याचा एक थेंब सोडायचा. दगडासारखं होतं. मग पुन्हा घासायचं. काढलेलं परत लावता येत नाही असं मला सहा आठवडे बजावत होते, आणि त्याच वेळी माझ्यासाठी परत लावायची सोय पुडीत बांधत होते. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला, की हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं या माणसाला.

घरी येऊन मी आटपाडीला फोन लावला. माफी मागायची वाक्यं मी पाठ केली होती. चाचांनी ती अर्ध्यावर तोडली. "ते ऱ्हाऊ द्या. भुकटी भरली का?" भरली होती. "आता बारीक कानस घ्या. तीन हात मारा. तीनच. तार बसवा. आनि दात लावा."

"मी?"

"मग काय म्या आटपाडीसनं लावू?"

मी विश्रामबागेत, माझ्या हॉलमध्ये, गिटारच्या डोक्याला दात लावून बसले. समोर सासूबाई पोथी मिटून बघत राहिल्या. तार छेडली. आणि मला कळलं, चाचा काय ऐकत होते ते. कानाला जो सूर एकसंध वाटत होता, त्यात दातांना एक बारीकशी कुरकुर लागत होती. मी फोनवर सांगितलं, कुरकुरते आहे. पलीकडून आवाज आला, "आता ऱ्हाऊ द्या. पुढच्या रविवारी बगू."

एका तारेला सहा रविवार लागले. डोळे माझे चांगले होते, हाड बसलेलं होतं, घाई कसलीच नव्हती, तरी सहा रविवार. दर वेळी तीन हात, दात, आणि 'बगू'. मी फोन ठेवून चिडचिड करायची, नवरा म्हणायचा मग करतेस कशाला. सहाव्या रविवारी मी तार ओढली, सोडली, ती अल्लद जागेवर आली. चाचांनी ती आणखी दोनदा वाजवायला लावली. मग म्हणाले, "बरं हाय."

बेंजोवाल्यांनी ज्यासाठी जन्म घालवला ते दोन शब्द मला मिळाले होते, आणि मी घाबरले. आता फोन कशासाठी करणार? म्हणून पुढच्या रविवारी साडेदहाला मी फोन केला आणि सरळ खोटं बोलले. "चाचा, तिसरी परत टिक् करते आहे."

"वाजवा." मी वाजवली. "परत." पुन्हा वाजवली. तार आरशासारखी स्वच्छ वाजत होती. "टिक् करत न्हाई, ताई."

"करते. मधूनमधून."

पलीकडे चाचा हसले असावेत. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. "आसंल," ते म्हणाले. "करत आसंल. मग पुढच्या रविवारी बगू."

बुधवारी थोरलीचा फोन आला. चाचा पहाटे झोपेतच गेले होते.

गिटार सुरात आहे. नितीन अजून चाव्यांचंच कौतुक करतो. पुडीत चिमूटभर भुकटी उरली आहे, ती मी टाकलेली नाही. चाचांनी मला कधी वेळेवर काम दिलं नाही, पण रविवार सांगितला आणि ते तिथे नाहीत, असं कधीच झालं नव्हतं. तो एकच रविवार त्यांनी चुकवला, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्याच रविवारावर आहे.